दाखला नाकारण्याचा सराव

थझिनच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये एकसष्ट फायली होत्या. पहिली तीन मार्चची, शेवटची नऊ जुलैची. एकूण वेळ आठ तास चार मिनिटं. अठ्ठेचाळीस फायलींत ती एकटीच बोलते, उरलेल्या तेरांत आम्ही तिघंही आहोत. सगळ्यात छोटी फाइल सहा मिनिटं चाळीस सेकंदांची, सगळ्यात मोठी अकरा मिनिटांची. मी ऐकल्या त्यांतल्या बावीस फायलींत मागे किटली उकळते. चारांत शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकतो. फायलींचा हिशेब मी ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात केला. तेव्हा परीक्षेला एकोणचाळीस दिवस उरले होते आणि सरावासाठी माझ्याजवळ दुसरा रोगी नव्हता.

आम्ही तिघंही म्यानमारहून डॉक्टर होऊन आलेलो. पण मेलबर्नमध्ये डॉक्टर म्हणवून घ्यायचं तर आधी सोळा खोल्यांतून जावं लागतं. प्रत्येक दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहून कागद वाचायचा. घंटा झाली की आत जायचं, आठ मिनिटांत समोरच्या माणसाचं ऐकायचं, त्याला तपासायचं, काय झालंय ते सांगायचं. पुन्हा घंटा, पुढची खोली. आतला रोगी खरा नसतो. तो नट असतो, चांगला धडधाकट. कोपऱ्यात परीक्षक बसलेला असतो. आपण 'नाडी बघतो' म्हणून मनगटाला हात लावला की परीक्षक त्याच्या कागदावरचा आकडा वाचून दाखवतो. नटाची खरी नाडी किती आहे, याला तिथं अर्थ नसतो.

मला हे माहीत असूनही जमत नव्हतं. मनगट हातात आलं की मी मोजायला लागायचो. पहिल्या वेळी सहा खोल्यांत माझी तपासणी संपायच्या आत घंटा झाली आणि मी नापास झालो.

ती खोड मोडायचं काम मा मोनं हाती घेतलं. मो मो तिचं नाव, आणि थोरली म्हणून आम्ही पुढं 'मा' लावायचो. वय सेहेचाळीस, मंडालेला स्वतःचा दवाखाना होता, इथं दोन मुली आणि तीन वेळा नापास. आम्ही तिच्या नोबल पार्कच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मी डॉक्टर, थझिन रोगी, मा मो परीक्षक.

"सिथू, पॅगोड्यात बसलायस का डोळे मिटून? सोड तिचा हात!"

"मोजत होतो."

"मोजू नकोस, विचार! मी इथं कागद घेऊन काय शोभेला बसलेय? हात ठेव, तोंड उघड, आकडा घे, पुढं चल."

"राहू दे गं मा मो," थझिन म्हणायची, "इथं आल्यापासून माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता."

"तुला लग्न करायचंय की परीक्षा द्यायचीय?"

"आधी परीक्षा. नवऱ्याला काय, दोन मिनिटं बाहेर उभा करीन वाचायला."

थझिन माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं, भरवायचं काम करायची. तिची पाळी बदलली की आमचं बसणं बुडायचं, म्हणून तिनंच ही युक्ती काढली. ती फोनवर रोग्याची वाक्यं बोलून ठेवायची आणि प्रत्येक वाक्यानंतर गप्प बसायची. त्या मोकळ्या जागेत मी माझं बोलायचं. "डॉक्टर, चार दिवसांपासून पोटात दुखतंय." मग वीस सेकंद शांतता. "नाही, उलटी नाही झाली." मग पुन्हा शांतता. मी काय विचारणार हे तिला आधीच कळलेलं असायचं. स्प्रिंगव्हेलच्या माझ्या घरून शहरात कामाला जाताना लोकल गाडीत पस्तीस-चाळीस मिनिटं जातात. तेवढ्यात चार रोगी व्हायचे.

मे महिन्याच्या बारा तारखेला ती कामावर ओल्या उतारावर घसरली आणि तिचा घोटा मोडला. सहा आठवडे गुडघ्यापर्यंतचा जाड राखाडी बूट. "आली आमची अंतराळवीर," असं मा मो दार उघडताना म्हणायची. पाय बरेच दिवस जखडून राहिला की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हा प्रश्न आमच्या सरावाच्या यादीत तीन वेगवेगळ्या जागी होता. तिन्ही वेळा आम्ही तिघांनी बरोबर उत्तर दिलं होतं.

अकरा जुलैला सकाळी कामावर जायला निघताना, पायांत कामाचे बूट घालता घालता, ती खाली बसली आणि उठली नाही.

सातव्या दिवशी स्प्रिंगव्हेलच्या विहारात भिक्षूंना जेवण दिलं. मा मोनं पहाटे उठून मोहिंगा, माशाच्या रश्शातल्या शेवया, केला होता, मोठं पातेलं भरून. थझिनची आई, दॉ म्या सेइन, म्हणजे आमच्या मावशी, म्यानमारमधल्या पाथेइनहून फोनच्या पडद्यावर होत्या. फोन मी हातात धरून उभा होतो. जेवणाचं पुण्य थझिनला वाटून दिल्याचं म्हणून झालं, भिक्षू जेवायला बसले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "सिथू, जरा बाजूला ये."

मी आवारात गेलो.

"तिथल्या डॉक्टरांचा फोन आला होता. गुठळ्या एका वेळच्या नव्हत्या म्हणाले. काही ताज्या, काही चार-सहा आठवडे जुन्या."

"हो, मावशी."

"तू तर आठवड्यातून तीनदा तिच्यासमोर बसायचास. समोरासमोर. तुला काही दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "काही दिसलं नाही."

मग म्हणाल्या, "जेवून घे. तुझं तोंड सुकलंय."

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच काही दिसलं नव्हतं. पण दिसलं नाही आणि दिसण्यासारखं नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मावशींना खरं तर दुसरी विचारायची होती.

पुढच्या सोमवारपासून मी गाडीत पुन्हा तिचा आवाज लावला. पहिल्या आठवड्यात फक्त मार्चच्या फायली ऐकल्या. कानात तिचा आवाज, मग शांतता, मग मी ओठ न हलवता बोलायचो. तिसऱ्या दिवशी बहुधा मोठ्यानं बोललो असणार. समोरच्या बाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि विचारलं, "बाळा, बरा आहेस ना?"

"परीक्षा आहे," मी म्हणालो.

"मग चालू दे," असं म्हणून त्या पुन्हा विणायला लागल्या.

ते लक्षात आलं चौथ्या दिवशी. माझं उत्तर लवकर संपलं होतं आणि तिच्या पुढच्या वाक्याला अजून दहा-बारा सेकंद होते. ती शांतता रिकामी नव्हती. फोन तिच्या तोंडासमोर टेबलावर असायचा, आणि त्या मोकळ्या जागेत तिचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

त्यानंतर मला तिची वाक्यं नीट ऐकू येईनाशी झाली. वाक्य संपायची मी वाट बघायचो.

आठ फायली मी घरी बसून मोजल्या. प्रत्येकीतल्या शांत जागा जोडून एक मिनिट काढायचं आणि श्वास मोजायचे. मार्चमध्ये मिनिटाला चौदा. एप्रिलमध्ये चौदा, पंधरा. वीस मे, म्हणजे बूट घातल्यावरचा दुसरा आठवडा, पंधरा. एकतीस मे, सोळा. हे सगळे आकडे धडधाकट माणसाचे आहेत. एका श्वासात ती किती शब्द बोलते तेही मी मोजलं. मार्चमध्ये सोळा, मेअखेर तेरा.

मग मी आठ जूनची फाइल उघडली. तीत ती साठ वर्षांची गुडघेदुखीची बाई झाली आहे. श्वास वीस. एका श्वासात दहा शब्द.

वीस हा आकडा सीमेवरचा आहे. जिना चढून आलेल्या माणसाचा वीस असू शकतो. नुकताच गरम चहा प्यायलेल्याचाही. मी वही बंद केली. जूनपासूनच्या चोवीस फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि सरावाला जुन्या सदतीसच ठेवल्या.

त्या चोवीसांतली एक सत्तावीस जूनची होती. ती आमच्या तिघांची होती, आणि त्या दिवशी काय झालं ते मला फायलीशिवायही आठवत होतं.

मा मोला मी आकडे दाखवले नाहीत. फक्त म्हणालो, थझिनच्या आवाजावर सराव करतो. मा मो भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"रोज?"

"रोज. कामावर जाताना."

"सिथू, तू शिकलेला आहेस, मी पण शिकलेली आहे. तरी ऐक. सातवा दिवस झाला, जेवण दिलं, पुण्य दिलं, तिला म्हटलं जा. आणि तू रोज सकाळी तिला परत बोलावतोस. काय होतंय तुम्हाला, असं विचारतोस. ती बिचारी सांगते. मग घंटा होते आणि तू उठून चालायला लागतोस. कुठला डॉक्टर असं करतो रे?"

"ते रेकॉर्डिंग आहे, मा मो."

"मला माहितीये रेकॉर्डिंग म्हणजे काय. मला नको सांगूस." तिनं हात पुसले. टेबलावरची आमची सरावाची पितळेची घंटा उचलून तिनं फडताळात ठेवली आणि त्याऐवजी फोनचं घड्याळ लावलं. "बस. आज मी रोगी. मला मूळव्याध आहे आणि मी लाजते. चल."

तिनं लाजायचं इतकं वाईट नाटक केलं की मला हसू आलं. ती रागावली. "परीक्षेत हसलास तर मारीन." त्या दिवशी आम्ही पाच केस केल्या. प्रत्येकीत मी हात ठेवला, आकडा विचारला, आकडा घेतला, पुढं गेलो. मा मो म्हणाली, आता जमलं.

परीक्षेच्या दिवशीही जमलं. नवव्या खोलीत खोकल्याची तक्रार घेऊन एक पन्नाशीची बाई बसली होती. निळा स्वेटर, केस नीट बांधलेले. मी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. परीक्षक म्हणाले, "श्वास मिनिटाला अठरा, डाव्या बाजूला खाली आवाज कमी." मी मान हलवली. स्टेथोस्कोप अजून तिच्या पाठीवर होता आणि माझ्या कानात कुणीतरी श्वास घेत होतं. तो किती होता, मी मोजला नाही. न्यूमोनिया असावा, एक्स-रे काढू, असं सांगितलं. घंटेला चाळीस सेकंद उरले होते.

निकाल साडेचार आठवड्यांनी आला. सोळांतल्या चौदाच खोल्या धरतात आणि नऊ पुरतात; मी अकरांत पास. खोकल्याच्या खोलीत पैकीच्या पैकी. मा मोही पास झाली. तिनं फोनवर आधी आरडाओरडा केला, मग रडली, मग म्हणाली, "मावशींना कळव. त्यांनी दोनदा विचारलंय."

मी मावशींना फोन लावला. पाथेइनला दुपार होती. त्या पडवीत बसल्या होत्या, मागे दोरीवर कपडे वाळत होते.

"झालास ना?"

"झालो, मावशी."

"मला माहीत होतं. थझिन म्हणायची, सिथू नुसता मोजत बसतो, एवढं सोडलं तर हुशार आहे." त्या हसल्या. "तिच्या आवाजाचा उपयोग झाला म्हणे. मो मोनं सांगितलं."

"झाला."

"बरं झालं." त्यांनी फोन जवळ घेतला. "एक सांगू का तुला? कुणाला बोलले नाही अजून. तिनं मला विचारलं होतं, आई, दोन दिवस कामावर नाही गेले तर चालेल का, दमायला होतंय. मी म्हटलं, परीक्षा तोंडावर, आत्ता रजा घेतलीस तर परीक्षेच्या वेळी कोण देणार? उगाच लाड करू नकोस. असं म्हटलं मी तिला."

"हे कधी, मावशी?"

"जूनचा शेवटचा आठवडा. बूट निघाल्यावर लगेच. का रे?"

सत्तावीस जूनला मा मो यादीतून केस काढत होती, तेव्हा थझिन म्हणाली होती, "आज दाखल्याची घेऊया." ही केस सगळ्यांना ठाऊक असते. रोग्याला काही झालेलं नसतं, पण त्याला कामावर न जाण्यासाठी आजारपणाचा दाखला हवा असतो. डॉक्टरनं त्याला तपासायचं, काही नाही याची खात्री करायची आणि न दुखावता नकार द्यायचा. थझिन रोगी झाली. "डॉक्टर, खरंच बरं वाटत नाहीये. दोनच दिवसांचा द्या." मी तिचं मनगट धरलं. मा मोनं कागदावरून वाचलं, "नाडी बहात्तर, श्वास चौदा, बाकी सगळं ठीक." मी हात सोडला आणि म्हणालो, तुमची तपासणी अगदी व्यवस्थित आहे, त्यामुळे मला दाखला देता येणार नाही. नकार इतका चांगला जमला, की मा मोनं टाळी वाजवली होती.

"सिथू? ऐकू येतंय का?"

"मावशी, विहारात त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत. मी नाही म्हणालो. पण मी बघितलंच नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मी आकडा दुसऱ्याला विचारला."

मग मी सगळं सांगितलं. दाखल्याची केस, मनगट, कागद. मार्चपासूनचे आकडे. आठ जूनचे वीस. चोवीस फायली बाजूला ठेवल्या तेही. कपडे वाऱ्यानं हलत होते. एक कोंबडी पडवीत आली, त्यांनी तिला हाकललं नाही.

"परीक्षा होईपर्यंत त्या उघडल्या नाहीस," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही उघडल्या."

"कारण?"

"उघडल्या असत्या तर तिच्या आवाजावर सराव करता आला नसता."

"खरं बोललास." त्यांनी बाहीला डोळे पुसले. "त्या दिवसाची आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"तीत श्वास ऐकू येतो?"

"शेवटी घंटा झाल्यावर मा मो गुण लिहीत होती आणि कुणीच फोन बंद केला नाही. तिथं दीड मिनिट कुणी बोलत नाही, असं मला आठवतंय. थझिन फोनसमोर बसली होती. मी अजून ऐकलेलं नाही."

"लाव."

"मावशी, तुम्ही कशाला..."

"पस्तीस वर्षं सुईणीचं काम केलंय मी. कमी दिवसांच्या पोरांचे श्वास मोजलेत, कंदिलाच्या उजेडात, पोटावर बोट ठेवून. तू अजून जन्मला नव्हतास. माझं घड्याळ आतच आहे, थांब."

त्या आत गेल्या. मी लॅपटॉप उघडला, वेगळं ठेवलेलं फोल्डर उघडलं आणि सत्तावीस जूनची फाइल शोधली. आठ मिनिटं पुढं नेली. मावशी परत आल्या. हातात चामडी पट्ट्याचं, मोठ्या काट्यांचं घड्याळ होतं. त्यांनी ते कानाला लावून पाहिलं आणि गुडघ्यावर ठेवलं.

"तू पण मोज," त्या म्हणाल्या. "मनात. मिनिट संपेपर्यंत मला सांगू नकोस, मीही सांगणार नाही. काटा बारावर आला की मी हो म्हणते."

मी फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरला. रेकॉर्डिंगमध्ये घंटा झाली. मा मोची टाळी. खुर्ची सरकल्याचा आवाज. माझा स्वतःचा आवाज, खूश, "बरोबर होतं ना?" मा मो म्हणाली, "गप, लिहू दे." मग कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज, आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, थझिन.

"हो," मावशी म्हणाल्या.

आम्ही पूर्ण मिनिट मोजलं.

माझे एकोणतीस झाले. मावशींचेही एकोणतीस.